लाल दोऱ्याचं झाकण

“दोन दोन दिसून राहिले, बाबूजी!”

“मंग कळ सरकव ना. एक होतपर्यंत सरकव.”

चंद्रकलेनं डावा डोळा घट्ट मिटला, डोळ्याबरोबर ओठही मिटले, आणि लेन्सखालची छोटीशी कळ बोटानं हळूहळू सरकवली. रस्त्यापलीकडे उसाचा रस काढणारा उभा होता. कॅमेऱ्याच्या खिडकीत मधोमध एक पिवळसर चौकोन, आणि त्या चौकोनात रसवाल्याचं भूत त्याच्याच खांद्याला खांदा लावून उभं. कळ सरकली तसं भूतही सरकलं आणि येऊन मूळ माणसात शिरलं. आता एकच रसवाला, मिशीसकट लख्ख.

“चिपकला!” ती ओरडली.

सीताबर्डीच्या त्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. कृष्णराव साठवणे कसनुसे हसले. “हळू व पोट्टे. हे नागपूर आहे, भंडाऱ्याचा बाजार नाही.”

भंडाऱ्याच्या बाजारात कृष्णरावांचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत नक्षीची खुर्ची आणि मागं रंगवलेला ताजमहाल, मागच्या खोलीत अंधार. मॅट्रिक झाल्यापासून धाकटी चंद्रकला त्या अंधारातच असायची. फिल्म धुवायची, फोटो छापायचे, कडा कापायच्या, सगळं तीच करी. गावाला वाटे कृष्णरावांचा हात फार साफ. साफच होता, फक्त तो चंद्रकलेचा होता.

एवढ्यावर ती खूश राहिली असती, पण मधे एक लग्न आलं. शहापूरच्या एका घरी नवरीला चुडा भरायचा होता. मागची अरुंद खोली, गच्च बाया, आणि दारात कृष्णराव आपला दोन भिंगांचा मोठा डबा गळ्यात घेऊन उभे. बायांनी दार लावून घेतलं. “माणसाले आत कायले घेता?” मग कृष्णरावांनी डबा चंद्रकलेच्या गळ्यात घातला आणि तिला आत ढकललं. डब्यात वरून वाकून पाहायचं, त्यात डावं ते उजवं दिसणार, आणि त्या अंधारात तर काहीच दिसेना. सगळ्या बाया चौकटीत याव्यात म्हणून ती मागं सरकत गेली, सरकत गेली, आणि धानाच्या ढोलीवर धाडकन आपटली. बाया पोट धरधरून हसल्या. फोटोत नवरीचं अर्धं तोंड आणि तिच्या मामीचं कोपर आलं. पण त्या अर्ध्या फोटोसाठीही नवरीची आई दोनदा स्टुडिओत येऊन गेली, आणि दुसऱ्यांदा म्हणाली, “हाताचा चुडा तं दिसून राहिला माया पोरीचा. असू दे.”

त्या दिवसापासून चंद्रकलेनं बापाचं डोकं खायला घेतलं. पुरुषांना ज्या खोल्यांत शिरू देत नाहीत त्या सगळ्या खोल्या तिला दिसायला लागल्या होत्या. तिथं हळद होती, चुडा होता, नवरीची वेणी होती, आणि लग्नातलं खरं रडणंही तिथंच होतं. तिथले फोटो आजवर कोणी काढलेच नव्हते. “मले लहान कॅमेरा पायजे,” ती म्हणायची, “अन् रुंद काचेचा. ढोलीत न घुसता सगळं मावलं पायजे.”

आणि आज, बघा, बापलेक नागपुरात होती. बदल्यात द्यायला कृष्णरावांनी आपला दुसरा जुना डबा पिशवीतून आणला होता.

दुकानदार भैय्यालालशेठ बोलत होते ते फक्त कृष्णरावांशी. पोरगी म्हणजे बापानं सोबत आणलेली पिशवीच जणू. “कृष्णरावजी, तो जुना माल राहू द्या. हा घ्या, आरशावाला. लेन्समधून जे दिसते तेच फोटोत येते. आजकाल सगळे हाच नेऊन राहिले.”

चंद्रकलेनं आरशाचा कॅमेरा उचलला, जिन्याखाली रिकामी खोकी ठेवलेली होती त्या काळोखात शिरली, आणि वाकून एका खोक्यावरची अक्षरं स्पष्ट करायला बघितली. चिखलातून पाहावं तसं. मग दुसरा उचलला, रसवाल्याचं भूत दाखवणारा तो जपानी. याची खिडकी लेन्सशी बांधलेली नव्हती. ती आपली वेगळी, साध्या काचेसारखी. काळोखातही अक्षरं दोनाची एक झाली.

“हा,” ती बाहेर येऊन म्हणाली.

“बेटा, तो जुना आहे.”

“नवऱ्या का उजेडात बसतात, शेठजी?”

शेठनी पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. मग दोन रुंद लेन्स काउंटरवर ठेवल्या, एक अठ्ठावीस मिलिमीटरची, एक पस्तीसची, आणि दोन्हींनी काढलेले नमुन्याचे फोटो. अठ्ठावीसमध्ये अख्खी खोली मावली होती, पण कडेच्या बाईचं डोकं दुधीभोपळ्यासारखं ताणलं होतं.

“हे नवरदेवाच्या मायचं झालं तं?” चंद्रकला म्हणाली. “फोटो फाडून आपल्या तोंडावर फेकन ते.”

शेठ खदखदून हसले. “मंग पस्तीसच ने. हिची चौकट खिडकीतच आखलेली आहे. अन् दिवसा उजेडी लेन्सच्या भोकाचा आकडा आठवर अन् अंतर दहा फुटांवर ठेवशील, तं सहा फुटांपासून वीसेक फुटांपर्यंत सगळं साफ येते. डोळ्याले लावाची बी गरज नाही.” मग त्यांनी लेन्सवर काळं झाकण चढवलं आणि कॅमेरा पुन्हा तिच्या हाती दिला. “आता पाहा. रसवाला दिसते?”

“दिसते ना.”

“झाकण लागलेलं आहे, बेटा.”

चंद्रकलेचं तोंड उघडंच राहिलं.

“खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून सगळं झकास दिसते अन् रोल कोरा निघते. मोठमोठे फसले याच्यात.”

परतीच्या गाडीत ती मांडीवर खोकं घेऊन बसली. उतरायचं वरठी स्टेशन येईपर्यंत तिनं युक्ती काढली होती. वेणीच्या गोंड्यातला लाल दोरा उसवून तिनं झाकणाच्या कडेला बांधला आणि त्याचं दुसरं टोक वर कॅमेऱ्याच्या कडीला असं अडकवलं, की झाकण लागलेलं असलं म्हणजे दोरा बरोबर खिडकीवरून आडवा जाई. डोळा लावला की लाल रेघ.

“हुशार आहे माई पोरगी,” कृष्णराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले. “हा तुया कॅमेरा. मी हात नाही लावत याले.”

स्टेशनाबाहेर एसटीची वाट पाहताना त्यांनी हेच पुन्हा एकदा म्हटलं. दोनदा म्हटलेलं म्हणजे पक्कं, असं चंद्रकलेला वाटलं. सतरा-अठराव्या वर्षी वाटतं असं.

दुकानाच्या पाटीवर पेंटरकडून एक ओळ वाढवली गेली: ‘स्त्रियांचे फोटो घरी येऊन काढले जातील.’ आणि त्या हंगामात चंद्रकला साठवणे अशी काही फिरली, काय म्हणता! कारध्याला, शहापूरला, पार नदीकाठच्या वाड्यांपर्यंत. पाटावर बसून तेल चोळून घेणाऱ्या नवऱ्या, आरशात कुंकू निरखणाऱ्या आत्या, दाराआड डोळे पुसून परत हसत बाहेर जाणारी आई. कॅमेरा वाजायचाही कसा, जीभ टाळ्याला लावून काढलेल्या आवाजाएवढाच. बायांना कळायचंही नाही. महिन्याभरात तिच्या बोटाला कळीची जागा पाठ झाली. कळ मधोमध म्हणजे नवरीचा चेहरा, जरा डावीकडं म्हणजे दारातली माणसं.

बाया म्हणायच्या, “थे कॅमेऱ्यावाली पोट्टी येते ना? मंग ठीक.” चंद्रकलेला हे वाक्य कोणत्याही दागिन्याहून जास्त शोभत होतं.

वैशाखात थोरल्या शकुंतलेचं लग्न ठरलं. नवरा तुमसरचा, ताराचंद, घरची भाताची गिरणी. फोटो अर्थात चंद्रकलाच काढणार. बहिणीच्या हळदीचा फोटो काढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खिडकीत दोनाच्या चार शकुंतला झाल्या. तिनं कळ नीट लावून फोटो घेतलाच.

मग पंगत बसली. नवरदेवाच्या पाटाभोवती लीलाबाईंनी, म्हणजे चंद्रकलेच्या आईनं, पहाटे उठून काढलेली रांगोळी. वरण-भात वाढून झाला, तूप पडलं, आणि नवरदेव हात मांडीवर ठेवून गप्प बसला. जावई रुसला. तो रुसायचाच असतो. तो घास घेईपर्यंत पंगतीतला एकही हात ताटाकडं जात नाही. सासऱ्यानं काही तरी द्यावं, लोकांनी ओरडावं, मग जावयानं हसावं, असा तो खेळ. कृष्णरावांनी कोटाच्या खिशात नवं घड्याळ आणूनच ठेवलं होतं. ते त्यांनी ऐटीत काढलं.

“घडी तं आहे ना त्याच्या हाती!” नवरदेवाचे काका भय्याजी मिशीत हसत बोलले. “एका हाताले दोन घड्या लावन का गा?”

पंगत हसली. चंद्रकला समोरच उकिडवी बसून फोटो घेत होती. खिडकीत तिला ताराचंदचा हात उठलेला दिसला. पिवळ्या चौकोनात दोन बोटं होती. सवयीनं तिनं कळ सरकवली, दोनाचं एक बोट झालं, अगदी स्पष्ट, नखासकट. आणि मग तिच्या ध्यानात आलं की ते बोट आपल्याकडंच रोखलेलं आहे.

“थो कॅमेरा,” ताराचंद म्हणाला.

चंद्रकलेनं बापाकडं पाहिलं. बाप हसत होता. हसू तोंडावर राहून गेलेलं आणि त्यामागं काहीच नाही, असं ते हसू. दोनशे माणसं हात आवरून बसली होती. वरणावर साय धरत होती.

“साठवणेजी, थंडं होऊन राहिलं!” कोणी तरी ओरडलं.

“दे, बेटा,” कृष्णराव म्हणाले.

“बाबूजी, रोल आहे आत.”

“काढून दे.”

काही तरी बोलावं, असं तिला फार वाटलं. ‘हा माया आहे’ एवढे तीन शब्द. पण बायांच्या बाजूच्या पडद्यापाशी मुंडावळ्या बांधलेली शकुंतला उभी होती, आणि ती हात जोडल्यासारखी हातात हात घट्ट धरून उभी होती.

चंद्रकला तिथंच, पंगतीच्या मधोमध, जमिनीवर बसली. तळाचं बटण दाबून तिनं फिल्म मागं गुंडाळायला घेतली. एरवी त्या फिरकीचा आवाज कोणाला ऐकूही जात नसे. आज तो मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. किर्र, किर्र, किर्र. मध्येच भराभर फिरवून टाकावी असं तिनं केलं नाही. घाई केली की फिल्मवर ओरखडे पडतात, आणि आत शकुंतलेची हळद होती. रोल काढून तिनं मुठीत घेतला, लेन्सवर झाकण लावलं आणि कॅमेरा दोन्ही हातांनी पुढं केला.

“भाऊजी, झाकण काढाले विसरू नका. खिडकीतून समजत नाही.”

“अरे बापा! साळी तं मास्तरीण निघाली!” ताराचंद पंगतीकडं बघून म्हणाला. मग त्याला दोरा दिसला. “अन् हे काय? याची का मुंज झाली, जानवं घालून दिलं ते?”

काय हशा पिकला! त्यानं झटका देऊन दोरा तोडला. झाकणाच्या कडेला नखाएवढं लाल शेपूट राहिलं. नवरदेवानं घास घेतला. सगळे जेवले. चंद्रकलाही जेवली, लोक पाहत होते म्हणून.

पाहुणे गेल्यावर कृष्णराव मागच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. “पोरीच्या संसाराची गोष्ट होती. तुले दुसरा घेऊन देईन.” हे त्यांनी एकदाच म्हटलं. या वेळी चंद्रकलेला काहीच पक्कं वाटलं नाही.

पावसाळ्यानंतर कारध्याची रुखमा आली. शेतकऱ्याघरची, पायाला चिखल तसाच. “माया पोरीच्या हळदीले येजो व, चंदे. आमच्या शेजारच्या सुमीच्या हळदीचे तू काढलेले फोटो पाहिले मी. अशी हसली थे फोटोत, घरी कधी हसली नाही.”

“कॅमेरा नाही, मावशी.”

“पाटीवर तं लिवलं आहे.”

चंद्रकलेनं बापाकडं पाहिलं. कृष्णराव म्हणाले, “मी येतो ना, रुखमाबाई. मोठा कॅमेरा आणतो.”

“तुमी आत येऊन का करता, जी?” रुखमा म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. शिडीवर चढून त्यानं पाटीवरची खालची ओळ काळ्या रंगानं बुजवली. उन्हात रंग वाळला तेव्हा अक्षरं आतून फुगून आली, तिरपं पाहिलं की वाचता येत. चंद्रकला रोज तिरपंच पाहायची.

पहिल्या दिवाळीला लेक-जावई आले. ताराचंदच्या पोटावर चामड्याच्या कव्हरात कॅमेरा. स्वयंपाकघरात करंज्या भरता भरता शकुंतला हळू आवाजात म्हणाली, “मागचा रोल कोराच निघाला त्याहिचा. मित्रांले घेऊन गेले होते, नदीवर. मलेच म्हणे, तूच उघडून पाहिला असशील. ताट भिरकावलं. दोन दिवस बोलले नाही.”

“तू सांगितलं नाहीस, झाकण म्हणून?”

“मी का सांगू व? मले का समजते त्यातलं?” शकुंतलेनं करंजीची कड दाबली. “अन् समजलं असतं तरी सांगतलं असतं का?”

पाडव्याच्या सकाळी जावयाच्या मनात आलं, सगळ्यांचा फोटो काढू. घरात एकदम उत्साह संचारला. लीलाबाईंनी हिरवं लुगडं नेसलं. कृष्णरावांनी कोट घातला, तोच लग्नातला. स्टुडिओतली नक्षीची खुर्ची अंगणात आली, आणि जावयानं सासऱ्याला त्या खुर्चीत बसवलं.

“बाबूजी, तुमचा फोटो आहे का हो एखादा?” ताराचंदनं विचारलं.

कृष्णराव विचारात पडले. मग लाजले. “नाही, जावईबापू. काढणारा मीच होतो ना.”

भंडाऱ्यातल्या अर्ध्या भिंतींवरची माणसं त्यांनी टांगली होती, जिवंत आणि हार घातलेली. त्यांचं स्वतःचं एक चित्र नव्हतं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढावा की ठेवावा यावर दोनदा हात गेला, मग ठेवला. लीलाबाई एका बाजूला, पोट दिसू लागलेली शकुंतला दुसऱ्या बाजूला, मागं चंद्रकला.

ताराचंद मागं मागं सरकला. एवढं सरकायची गरज नव्हती, पस्तीसची होती ती. कॅमेरा त्यानं डोळ्याला लावला.

उन्हात नखाएवढं लाल शेपूट हललं.

चंद्रकलेनं परत पाहिलं. काळं, गोल, घट्ट बसलेलं झाकण. तिचं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता, तिखट, चविष्ट, सहा महिने मुरलेला. नुसतं म्हणायचं, ‘भाऊजी, झाकण!’ आणि अंगणात हशा पिकला असता, वाटेत थांबलेले शेजारीही हसले असते. या वेळी हशा त्याच्यावर असता.

तिच्यापुढं शकुंतलेचा खांदा होता. तिनं पाहिलं की तो खांदा उगाच ताठ झालेला आहे. ताट भिरकावलं होतं. उद्या तुमसरला परत जायचं होतं, आणि हसणारे शेजारी काही बरोबर जाणार नव्हते.

मग तिनं बापाकडं पाहिलं. तिला फक्त मान आणि कान दिसत होते. पण मान पुढं आली होती, काही तरी नीट पाहताना यायची तशी. तीस वर्षं लेन्सकडं पाहिलेला माणूस तो. त्याला ते शेपूट दिसलं नसेल असं होणंच शक्य नव्हतं.

कृष्णरावांनी मान मागं घेतली. हात मांडीवर सरळ ठेवले. आणि खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलेलं वाक्य त्यांनी घरच्यांना सांगितलं.

“काचेकडं पाहा. कोणी हालू नका.”

कोणी हाललं नाही. जीभ टाळ्याला लावल्यासारखा आवाज झाला. “अजून एक,” ताराचंद म्हणाला. “अजून एक.” रोल संपेपर्यंत ते सगळे त्या काळ्या झाकणाकडं पाहत राहिले.

जाताना त्यानं रोल चंद्रकलेच्या हातावर ठेवला. “साळीबाई, नीट धुजो. बिघडवू नोको.”

तिला माहीत होतं. तरी तिनं औषध ताजं कालवलं, पाणी हातानं पाहिलं, फिल्म अंधारात चाकावर चढवली आणि जितका वेळ हलवायची तितका वेळ हलवली. बाहेर काढली तेव्हा फिल्म पाण्यासारखी नितळ होती. कारखान्यातूनच छापून येणारे कडेचे आकडे तेवढे ओळीनं, काळेभोर उमटले होते. औषध चोख होतं, चूक धुण्यात नव्हती, असं ते आकडे सांगत होते. ते वाचता येणारी माणसं त्या घरात दोनच होती.

तिनं फिल्म मागच्या दारातल्या दोरीला टांगली. कृष्णराव आले, उभे राहिले.

“त्याले लिहून देतो,” थोड्या वेळानं ते म्हणाले, “का धुताना बिघडली म्हणून. तुया हातून.”

चंद्रकलेनं ओले हात झटकले.

“लिहा,” ती म्हणाली.

कृष्णराव तरी गेले नाहीत. त्यांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला, ओली फिल्म कडेला धरून उजेडाकडं तिरपी केली, आणि एकेका आकड्याशी थांबत, आपण जिथं बसलो होतो ती चौकट शोधत राहिले.

“हात नोका लावू, बाबूजी. ओली आहे,” चंद्रकला म्हणाली. तिनं ती त्यांच्या बोटांतून सोडवून घेतली आणि खालच्या टोकाला जड चिमटा लावला, म्हणजे वाळताना फिल्म वाकडी होत नाही.